बाहत्तराच्या पुढचे रकाने

सरांचं आंतरदेशीय पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, तेव्हा फोडण्याआधी मी ते उलटसुलट करून पाहिलं. बिराजदार सर मला पत्र लिहीत नसत. पाच वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. आत मोजून तीन ओळी होत्या. नरसिंग गेला. कावीळ झाली होती, पंधरा दिवसांत आटोपलं. तुला कळवावंसं वाटलं... आणि खाली सही. मी ते पत्र चार वेळा वाचलं. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की मलाच का? आमच्या त्या उन्हाळी वर्गात आम्ही बारा जण होतो, त्यातले निम्मे आज पुण्यामुंबईला आहेत. मग सरांना मलाच का कळवावंसं वाटलं? त्यांना काय ठाऊक आहे? पंचविशीतला एक मुलगा गेला होता आणि मी कागदात खोट शोधत बसले होते.

आता महिना उलटून गेलाय. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. नरसिंगबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे काही नाहीच. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल लिहावं लागणार, आणि ते फारसं चांगलं नाही, हे वाचणाऱ्यांनी आधीच धरून चालावं.

आमचं नव्या पेठेत कापडाचं दुकान. अप्पा ठाणातला एक दोरा उपसून काडीनं जाळायचे आणि राखेचा वास घेऊन सूत किती नि भेसळ किती ते सांगायचे. घरात कन्नड, दुकानात मराठी, पण दोन्ही भाषांत अप्पांची शिकवण एकच होती, की समोरचा गोड बोलायला लागला की आपण सावध व्हायचं. माझ्या मैत्रिणी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊन आंब्याची डाळ खायच्या. मी कुणी बोलावलं नि का बोलावलं याचा विचार करत घरी बसायची. अशा मुलीला बिराजदार सरांनी उन्हाळी वर्गात घेतलं, तेव्हा मला पहिली शंका आली ती सरांचीच. सुट्टीत फुकट शिकवतो म्हणणाऱ्या माणसाचा काही तरी डाव असणार, असं मी घरी बोलूनही दाखवलं. अप्पांना ते पटलं, पण कॉलेज घरापासून जवळ होतं म्हणून त्यांनी जाऊ दिलं.

सर गणिताचे. पुण्याच्या एका संस्थेत त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला होता आणि त्याचं त्यांना वेड लागलं होतं. सोलापुरात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. ज्या यंत्रासाठी आम्ही दोन महिने घाम गाळणार होतो, ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलंही नव्हतं. पद्धत अशी होती. आम्ही चौकटीच्या कागदावर फोरट्रान नावाच्या यंत्राच्या भाषेत आज्ञा लिहायच्या. शहरातल्या एका मोठ्या कचेरीत कार्डांना भोकं पाडणारी दोन यंत्रं होती, ती आम्हाला दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिळायची. त्यावर एकेका ओळीचं एकेक कार्ड तयार व्हायचं. शुक्रवारी कार्डांची पेटी पुण्याला जायची, तिथलं यंत्र ती वाचायचं, आणि मंगळवारी छापील कागद परत यायचा. एक स्वल्पविराम चुकला तर आठवडा बुडाला. म्हणून सरांनी एक नियम केला होता. काम जोडीनं करायचं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ओळन् ओळ वाचून खाली सही करायची. आणि चूक निघाली तर जबाबदार लिहिणारा नाही, सही करणारा. पेटी बंद करतानाही तसंच. एकानं भरायची, दुसऱ्यानं बघून चिठ्ठीवर सही करायची. ‘आपली चूक आपल्याला दिसत नसते,’ सर म्हणायचे, ‘म्हणून तर माणसाला जोडीदार लागतो.’ मला हा नियम मुळीच आवडला नव्हता. माझ्या सहीवर दुसऱ्याची चूक मी का घ्यावी?

माझ्या जोडीला नरसिंग आला. भवानी पेठेतल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सडपातळ, पायजम्यावर घरचाच शिवलेला शर्ट, आणि हातांच्या बोटांना घट्टे. त्याच्या वाचण्याची तऱ्हाच निराळी होती. तो कागद माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, ‘तुमी मोठ्यानं वाचा की. मी ऐकतो.’ डोळे मिटून बसायचा आणि मध्येच बोट वर करायचा, ‘थांबा. हितं कंस उघडला, मिटला न्हाई.’ दर वेळी बरोबर. पुढं कळलं की त्यांच्या घरच्या धंद्यातच तशी रीत आहे, एक जण नक्षी वाचणार आणि दुसरा ऐकून भोकं पाडणार. पण तेव्हा मला वाटलं, हा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेऊन माझ्या डोक्यातलं सगळं पाठ करतोय. मी मुद्दाम भराभर वाचायची. तो हसून म्हणायचा, ‘जरा दमानं. मागून कोण लागलंय का?’

सरांनी सगळ्या बारा जणांना मिळून एकच मोठं काम दिलं होतं. चादरीच्या मागावर नक्षी उठते ती जकार्डच्या पुठ्ठ्यांमुळे. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. नक्षीच्या कागदावरून कोणत्या पुठ्ठ्यात कुठं भोक पाडायचं हे ठरवायला कसबी माणसाला कित्येक दिवस लागतात. ते यंत्राकडून काढून घ्यायचं. सहा जोड्यांचे सहा तुकडे, शेवटी एकत्र जोडायचे. काम सुरेख झालं तर पुण्याची ती संस्था आमच्यातल्या दोघांना वर्षभर शिकायला घेणार होती. पहिलं नाव सरांनी वर्गातच सांगून टाकलं होतं, नरसिंग. दुसरं मला हवं होतं. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालेलं होतं आणि पुणं हा त्यातून सुटायचा एकच रस्ता मला दिसत होता.

नरसिंगचे वडील हे पुठ्ठे पाडण्यातले नावाजलेले कारागीर. तो त्यांना नान्ना म्हणायचा. एकदा सरांनी आम्हा दोघांना त्यांचं काम बघायला पाठवलं. लाकडी जिना, वर एक खोली, खाली मागांचा खडखडाट. नान्ना स्टुलावर बसून पुठ्ठे पाडत होते आणि पाडलेले पुठ्ठे कडेच्या भोकांतून सुतळी ओवून एकमेकांना जोडलेले होते, त्यांची लांबलचक माळ खिडकीपासून दारापर्यंत लोंबत होती. ‘अशी ओवली की मग पुठ्ठा हलत न्हाई,’ नरसिंगनं मला समजावलं. ‘एक जरी मागंपुढं झाला तर मोराला वाघाचं तोंड येतंय.’ नान्नांनी मला चहा दिला आणि सरळच विचारलं, ‘बाई, तुमचं ते यंत्र चाललं तर आमी काय करायचं?’ मी कप खाली ठेवला. नरसिंग मात्र हसत म्हणाला, ‘ते काय चालत न्हाई हो नान्ना. तुमी बिनघोर ऱ्हावा.’ नान्नाही हसले. मी हसले नाही. घरी परतताना सगळ्या वाटेवर तेच वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. ज्याच्या बापाचं हातातलं काम जाणार, तो हे यंत्र चालू देईल कशाला?

मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. पेटी एस.टी.च्या पार्सलातून जाऊ लागली आणि पहिल्याच खेपेला वाटेत झाकण उघडून सगळी कार्डं विस्कटली. पुण्याहून निरर्थक आकड्यांचा गठ्ठा परत आला. पुढच्या शुक्रवारी सहाही तुकडे जोडून शेवटची पेटी जायची होती, आणि ती भरायची पाळी आमच्या जोडीची होती. त्या दिवशी नेमका माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मला साडी नेसून दोन वाजता घरी हजर राहायचं होतं. नरसिंग कार्डं लावत बसला होता. मी म्हटलं, ‘चिठ्ठी इकडे दे, मी सही करून जाते.’ तो म्हणाला, ‘बघणार न्हाई व्हय?’ मी म्हटलं, ‘तू आहेस ना.’ आणि सही करून निघाले. माणसांवर विश्वास न ठेवणारी मी, आयुष्यात एकदाच न बघता सही केली.

मंगळवारी कागद आला नाही, पत्र आलं. कार्डांना दाभणानं भोकं पाडून दोऱ्यात ओवलेलं होतं. दोरे काढून कार्डं घातली तर ती भोकं यंत्राला वाचता येईनात, ते अडकलं, कार्डं फाटली, अर्धा दिवस तिथलं सगळं काम बंद पडलं. यापुढे सोलापूरची पेटी घेतली जाणार नाही, आणि हे कुणी केलं ते लेखी कळवावं. सरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. नरसिंग ताबडतोब उभा राहिला. ‘मी ओवली सर. पुन्हा विस्कटू नयेत म्हणून. बाहत्तराच्या पुढंच पाडली की भोकं... तिकडं यंत्र बघत न्हाई म्हणाला होता तुमी.’ कार्डावर ऐंशी रकाने असतात. आज्ञा पहिल्या बाहत्तरांत लिहायची, पुढचे आठ रकाने फोरट्रान विचारात घेत नाही, हे सरांनी शिकवलं होतं खरं. आणि मी मनात म्हटलं, उत्तर किती तयार आहे!

त्या संध्याकाळी मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. नरसिंगनं हे जाणूनबुजून केलं आहे. यंत्र चालू नये अशी त्याच्या घरच्यांची इच्छा आहे. ‘ते चालत नाही’ असं तो माझ्यासमोर वडिलांना म्हणाला आहे. खाली नाव लिहिलं, सही केली. यात एकही शब्द खोटा नव्हता, असं मी पुढं पाच वर्षं स्वतःला सांगत आले. पण पत्रात एक गोष्ट नव्हती. चिठ्ठीवर माझी सही होती, आणि सरांच्या नियमानं चूक माझी होती. मी संशयानं लिहिलं की भीतीनं, हे आज मला विचाराल तर सांगते, दोन्ही होतं, आणि भीती जास्त होती.

तीन दिवसांनी नरसिंगला वर्गातून काढलं. पुण्याला कारवाई दाखवायची होती. प्राचार्यांच्या खोलीतून तो बाहेर आला आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, ‘सर, मी मुद्दाम केलं म्हणून कुणी सांगितलं?’ बिराजदार सर खडू हातात घेऊन उभे होते. म्हणाले, ‘तक्रार मी केली.’ नरसिंगनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. मग तो निघून गेला. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हाही आला नाही. बापाशेजारी पुठ्ठ्यांच्या कामाला बसला. आणि मी काय केलं? मी सरांवर संशय घेतला. म्हटलं, यांच्या मनात आधीपासूनच असणार, बरं झालं, माझं पत्र प्राचार्यांनी फोडलंही नसेल. सरांनी पुण्याला जाऊन हातापाया पडून पुन्हा पेटी घ्यायला लावली, काम पुरं झालं, आणि त्या दोन जागांपैकी एक मला मिळाली.

पुण्यात तिसऱ्या का चौथ्या महिन्यात यंत्रावरचे एक जुने ऑपरेटर बोलता बोलता म्हणाले, ‘तुम्ही सोलापूरच्या ना? तुमच्याकडून एकदा हारासारखी ओवलेली कार्डं आली होती. वैतागलो होतो आम्ही. पण सांगतो, साडेपाचशे कार्डांत एक इकडचं तिकडे नव्हतं. आणि एक भोक बाहत्तराच्या अलीकडं नव्हतं. फार जपून केलेलं काम. बिचाऱ्याला एवढंच ठाऊक नव्हतं, की आज्ञा समजून घेताना यंत्र तिकडे बघत नाही, पण कार्ड वाचताना सगळं बघतं.’ मी तिथंच बसून राहिले. ज्याला बिघडवायचं असतं तो मधोमध दाभण मारतो. यानं सगळी भोकं कडेला, जिथं शिकवल्याप्रमाणे धोका नव्हता तिथं पाडली होती. त्याच दिवशी मी नरसिंगला पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींवर थांबले. माझ्या पत्रामुळे काही झालंच नाही, तक्रार तर सरांची होती, मग मी कशाला?... असं म्हणून कागद फाडला.

तो शेवटचा भेटला दीड वर्षापूर्वी, सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर. मीच ओळख न दाखवता पुढं जाणार होते. त्यानं हाक मारली. आनंद झाला होता त्याला. ‘ते आपलं चालतंय का आता? मोर निघतोय का बराबर?’ मी म्हटलं, चालतं. ‘मग नान्नांना सांगाय नगं,’ म्हणून हसला. बिराजदार सरांचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘सर दिसले की मी रस्ता बदलतो. घरी आले होते दोनदा, नान्नांनी जिना चढू दिला न्हाई.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘तुमी त्या दिवशी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला न्हाईत. लक्षात हाय माझ्या.’ माझी गाडी लागली होती. मी गाडीत जाऊन बसले. बोलायला पाच मिनिटं होती माझ्याकडं, आणि मी खिडकीतून हात हलवला.

सरांचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी सोलापूरला गेले आणि आधी त्यांच्याच घरी गेले. सर थकलेले दिसले. मी पाण्याचा पेला हातात धरूनच विचारलं, ‘सर, तुम्ही मलाच का कळवलंत?’

‘तुझं पत्र प्राचार्यांनी मला दिलं होतं, महानंदा,’ सर म्हणाले. ‘त्याच दिवशी.’

‘मग तक्रार तुम्ही केली असं का म्हणालात?’

‘तुझं नाव फुटलं असतं तर गावात चर्चा झाली असती. तुझ्या अप्पांनी तुला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. त्याला तर वर्गातून काढलंच होतं, त्याच्याबरोबर तुझंही शिक्षण कशाला थांबवायचं? आणि अगदीच खोटंही नव्हतं ते. बाहत्तराच्या पुढं यंत्र बघत नाही, हे अर्धवट मीच शिकवलं होतं.’ आणि पुढं म्हणाले, ‘मला वाटलं, पंधरा दिवसांत तूच जाऊन त्याला सांगशील. मी वाट बघत होतो.’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. सर त्याच्या अंत्ययात्रेला गेले होते, पण भवानी पेठेच्या तोंडाशीच थांबले. पुढं जायची हिंमत झाली नाही, म्हणाले. ज्यानं काही केलं नव्हतं तो माणूस रस्त्यावर उभा राहिला होता. मी म्हटलं, ‘सर, माझ्याबरोबर चला. आत्ता.’

सरांना खाली थांबवून लाकडी जिना मी आधी चढले. नान्ना कामाला बसलेले होते. मुलगा गेला तरी मागवाले थांबत नाहीत. ते निम्म्यानं वाळले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं... पत्र, चिठ्ठीवरची सही, साखरपुडा, पुण्याचे ऑपरेटर, स्टँड, आणि सरांनी स्वतःवर घेतलेला आळ. बोलता बोलता रडायला लागले आणि त्याचाही मला राग आला, कारण रडणाऱ्या माणसावर मी स्वतः कधी विश्वास ठेवलेला नाही. नान्नांनी मला मध्येच थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, ‘तुमचं नाव लई चांगलं घ्यायचा तो.’ मग जिन्याकडं बघून विचारलं, ‘मास्तर खाली हायत व्हय? वर बोलवा त्यांना.’

सर आले. नान्नांनी उठून त्यांना डाव्या हाताचं स्टूल पुसून दिलं. नान्ना पुन्हा पुठ्ठा पाडायला लागले आणि झाल्यावर न बघताच त्यांनी तो डावीकडं धरला. ती नरसिंगची जागा होती हे मला तेव्हा कळलं. बाप पाडणार आणि मुलगा हातात घेऊन तपासणार, हे पाच वर्षं दिवसभर चाललेलं असणार. मी पटकन पुढं होऊन हात केला. नान्नांनी माझ्या हाताकडं पाहिलं, पुठ्ठा जरासा वळवला आणि सरांच्या हातात दिला. ‘बघा मास्तर,’ म्हणाले, ‘बराबर हाय का.’ सरांना त्यातली पारख नव्हती, तरी ते एकेक भोक बोटानं चाचपत राहिले. मी तशीच दाराशी उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.